यमूचं मुंबईतलं बिऱ्हाड

‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी म्हटलं की यमूच्या सासरचे शंकरमामंजी आठवतात आणि विधवा यमूचं बळजबरीनं केलेलं केशवपन. तिथं वाचक हादरतो, ते साहजिकच. मला मात्र हरिभाऊ आपट्यांची ताकद त्याआधीच्या साध्यासुध्या पानांत जास्त जाणवते.

यमू स्वतःची गोष्ट स्वतः सांगते. लिहिणारा पुरुष, पण वकिलीचा सूर कुठं लागत नाही. भातुकली, दादाशी रुसवेफुगवे, वडिलांचा धाक, सासरी कुणापुढं बोलायचं नि कुणापुढं मान खाली घालून उभं राहायचं, हे सगळं ती मैत्रिणीला सांगावं तसं सांगत जाते. चारचौघांत नवऱ्याशी बोलणं म्हणजे निर्लज्जपणा, हे तीही धरूनच चालते. वाचकाचा संताप होतो तो इथं.

मग नवऱ्याबरोबर, रघुनाथरावांबरोबर, ती मुंबईला बिऱ्हाड करते. दोघं मोकळेपणी बोलतात, वाचतात. माणसं तीच, वडीलधाऱ्यांचा पहारा तेवढा उठला. कादंबरीतला हा सर्वांत सुखाचा भाग, आणि पुढचं ठाऊक असेल तर तो सुखानं वाचवत नाही. रघुनाथराव जातात तसं तिचं सगळंच जातं. ते स्वातंत्र्य तिच्या नावावर नव्हतंच.

१८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात ही कादंबरी क्रमशः येत होती, तेव्हा संमतिवयाच्या वादानं पुणं तापलं होतं. १८९१च्या कायद्यानं मुलींच्या संमतिवयाची मर्यादा वाढली ती दहावरून बारा, एवढीच!

बीडमध्ये बसून वाचताना मला दुसरंच बिऱ्हाड दिसतं. दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केजकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी अर्धा कोयता. पोरींची लग्नं लवकर उरकण्यामागं हा हिशेब असतो, आणि आईबाप फडावर गेल्यावर पोरीला ठेवायचं कुणाच्या भरवशावर, ही धास्तीही. हरिभाऊंच्या कादंबरीत अशी पोर सापडायची नाही. पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांबाहेर ती कादंबरी फारशी पडतच नाही. पण हीसुद्धा यमूसारखीच सासरचा उंबरा ओलांडून नवऱ्यामागं लांब जाते. फडाशेजारच्या कोपीत राहते, दिवस उजाडायच्या आत उसाला भिडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. उचल मात्र नवऱ्यानं घेतलेली असते, आणि हंगाम संपल्यावर मुकादम हिशेबाला बसतो तोही त्याच्याशीच.