केडलस्टनचे खांब आणि उठवलेले गाव

डर्बीशायरमधील केडलस्टन हॉल हा कर्झन घराण्याचा वाडा. १७५९ साली बांधकाम सुरू झाले. रॉबर्ट ॲडमने त्याला रूप दिले. मुख्य दालनातील अलाबास्टर दगडाचे २० खांब पाहून समीक्षक ‘प्रमाणबद्धता’ म्हणतात. ते खोटे नाही. पण वाड्याभोवतीचे दृश्य मोकळे व्हावे म्हणून जवळचे केडलस्टन गाव उठवून दूर वसवले गेले. जुने चर्च तेवढे राहिले; त्यात कर्झनांच्या कबरी होत्या. मेलेले धनी जागेवर राहिले, जिवंत गावकरी हलले! तिथे प्रश्न जातीचा नव्हता, वर्गाचा होता. तरी गावकुसाबाहेर वाढलेल्याला हा नकाशा ओळखीचा वाटेल. जी समीक्षा खांब मोजते आणि उठवलेल्या घरांविषयी गप्प बसते, ती समीक्षा नव्हे. वाड्याची राखण होय.