माणसांचा पडदा

गाणे, नाच आणि हशा यांच्या आधाराने गोष्ट सांगणाऱ्या नाटकाला पाश्चात्त्य रंगभूमीवर विनोदी संगीतिका म्हणतात. आपल्याकडे तेच काम तमाशातला वग करीत आला. जालना जिल्ह्यातील जत्रांत आम्ही वग पाहिले ते उघड्या मंचावर. नटाने एक फेरी मारली की राजवाडा मागे पडे आणि जंगल सुरू होई. नेपथ्य नाही अशी तक्रार कोणी केल्याचे आम्हास आठवत नाही.

याच परंपरेचे भान ठेवून विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगमंचावर आले. दिग्दर्शक होते डॉ. जब्बार पटेल. आपल्या संमेलनांतून त्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. मात्र त्यांनी रंगमंचावर नेमके काय केले, याची चर्चा आपण क्वचितच करतो.

या नाटकात पडदा माणसांचा आहे. बारा ब्राह्मणांची रांग गात, डोलत उभी राहते. तोंड आपल्याकडे असते तेव्हा ती पुण्याचा समाज असते. पाठ फिरवली की भिंत होते. रांग दुभंगली की मागचे दृश्य उघडते, मिटली की झाकले जाते. लाकडी भिंतीला दोष देता येत नाही. ही भिंत मात्र सारे पाहून न पाहिल्याचे सोंग करते. अत्याचार झाकणारा पडदा समाज स्वतःच असतो, हे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही. हसता हसता त्याला ते दिसते.

या रचनेला धोकेही आहेत. कृष्णदेव मुळगुंदांची नृत्ये आणि भास्कर चंदावरकरांचे संगीत यांच्या शिस्तीवर ती उभी आहे. रांगेतला एक जण ढिला पडला तरी भिंतीला भगदाड पडते. शिवाय नाचगाण्याची गोडी इतकी, की घाशीरामाच्या मुलीचे दुःख प्रेक्षकाच्या मनात पुसट होते. ही उणीव मान्य केलीच पाहिजे.

हाती धरलेला पडदा उर्दू रंगभूमीलाही परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लखनौच्या आगा हसन अमानत यांच्या 'इंदरसभा'त परी प्रकट होण्यापूर्वी लाल पडदा धरला जाई. तो दूर होई आणि गाणे सुरू होई.

मग आज आपल्या हौशी मंडळांना प्लायवूडचा एवढा सोस का? मुस्लिम घर दाखवायचे तर हिरवी भिंत, कमान, जाळी आणि चंद्रतारा हवाच. इतरांनी केले तर आपण रागावतो. पण आमच्याच तालुक्यात आमच्याच मुलांनी असा देखावा भाड्याने आणलेला आम्ही पाहिला. नट तोंड उघडण्यापूर्वीच त्या भिंतीने त्याची ओळख सांगून टाकली. भोकरदन-अंबडकडच्या खेड्यांतले तांबोळ्याचे किंवा शेखांचे घर शेजाऱ्याच्या घरासारखेच असते, पत्र्याचे नाहीतर धाब्याचे. त्या घरातले वेगळेपण बोलीत, भांडणात, विनोदात सापडते. ते रंगवता येत नाही, बोलावे लागते.

मंच रिकामा ठेवण्याला पैसा लागत नाही. आपल्या शब्दांवर विश्वास मात्र लागतो. तो आपल्या लेखकांनी आधी कमवावा. पडदा धरायला माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत.