८१ आणि ५७ शेजारी ठेवण्याआधी

वाचनावरच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास दिसतं. दक्षिण आफ्रिकेत चौथीच्या ८१ टक्के मुलांना वाचता येत नाही, भारतात पाचवीच्या ५७ टक्के. म्हणजे आपण बरे. पहिला आकडा २०२१ च्या 'पर्ल्स'चा, दुसरा २०२२ च्या 'असर' अहवालाचा. दोन्ही खरे आहेत. खोटा आहे तो मधला स्वल्पविराम, राजेहो.

पर्ल्समध्ये मूल शाळेत बसून लांब मजकूर मनात वाचतं आणि प्रश्नांची उत्तरं देतं. ४०० गुणांची सर्वांत खालची पायरी ज्यांना गाठता आली नाही, ते ८१ टक्के. असरचा स्वयंसेवक घरी येतो, एकेका मुलाकडून अक्षरं, शब्द, पहिलीचा परिच्छेद आणि दुसरीची गोष्ट मोठ्याने वाचून घेतो. समजलं किती, हे या पायऱ्या मोजत नाहीत. म्हणजे आपले ५७ टक्के तीन इयत्ता खालच्या गोष्टीवर अडले आहेत. 'बरे' कुठून आलं?

भारत पर्ल्समध्ये उतरलेलाच नाही. पिसाच्या २००९ च्या फेरीत हिमाचल आणि तामिळनाडू होते, ते ७४ जणांत तळाशी आले. पण पर्ल्सला श्रेष्ठ समजू नका. ती शाळेत नमुना घेते, शाळेबाहेरचं मूल तिला दिसतच नाही. असरला दिसतं, मात्र असर फक्त ग्रामीण, त्यामुळे अमरावती आणि अकोला ही शहरं त्यातून बाहेर.

आता भाषेचं बघा. दक्षिण आफ्रिकेत पर्ल्स ११ भाषांत झाली. इकडे धारणी-चिखलदऱ्यातलं कोरकू मूल मराठी गोष्टीवर अडखळलं, तर ते वाचनात कच्चं की मराठीत? कोरकू मुंडा कुळातली, मराठीशी नातं नाही. आणि अमरावती जिल्ह्याच्या एका आकड्यात मेळघाट अन् दर्यापूर एकत्र मिसळलेले असतात.

त्यावरून 'अमरावती विरुद्ध अकोला' असा तक्ता करायचा मोह आवरा. जिल्ह्यात ३० गावं, प्रत्येकी २० घरं. त्यात पाचवीची मुलं असून असून किती असणार? म्हणूनच अहवाल जिल्हापातळीवर तिसरी ते पाचवी एकत्र देतो.

तुलना हवीच असेल तर असरची असरशीच करा. देशातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचणारी २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती, २०२२ मध्ये ४२.८. मधे शाळा बंद होत्या. या फरकावर मात्र प्रबंध उभा राहू शकतो.