तोतया, पत्नी आणि न्यायाधीश : मार्तँ गेर-प्रकरणाच्या एका इतिहासग्रंथाचे परीक्षण

इतिहासातील काही घटना इतक्या विलक्षण असतात की त्यांच्या सत्यतेविषयी खात्री पटल्यानंतरही त्या कल्पितासारख्याच वाटत राहतात. अशा घटनांचे निवेदन करणाऱ्या इतिहासकारापुढे दुहेरी अडचण असते. घटनेची विलक्षणता वाचकाला खेचून घेते, पण ती ज्या साधनांतून कळते ती साधने नेमक्या मोक्याच्या ठिकाणी मूक असतात. सोळाव्या शतकातील फ्रान्समध्ये घडलेले मार्तँ गेरचे प्रकरण हे याचे ठळक उदाहरण होय. नॅटली झेमॉन डेव्हिस यांनी १९८३ साली त्यावर लिहिलेला ग्रंथ आणि त्यातून उद्भवलेला वाद यांचा विचार केला असता, पुराव्याची उणीव तर्काने भरून काढण्याचा इतिहासकाराचा अधिकार कोठवर पोचतो, या प्रश्नाची बरीच स्पष्टता होते.

प्रथम घटना पाहू. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या आर्तिगा या गावी बास्क प्रदेशातून येऊन स्थायिक झालेले गेर नावाचे एक सधन शेतकरी कुटुंब होते. या घरातील मार्तँ याचा विवाह १५३८ च्या सुमारास बेर्त्राँद हिच्याशी लहान वयातच झाला. आठ वर्षे त्यांना मूल झाले नाही. पुढे एक मुलगा झाला. १५४८ साली बापाच्या कोठारातील थोडे धान्य चोरल्याचा आळ आल्यामुळे मार्तँ घर सोडून निघून गेला. आठ वर्षे त्याचा काहीच ठावठिकाणा नव्हता. १५५६ मध्ये एक मनुष्य 'मी मार्तँ' असे सांगत गावात आला. बहिणींनी त्याला ओळखले, चुलता पिएर याने ओळखले, बेर्त्राँदनेही पती म्हणून स्वीकारले. तीन वर्षांहून अधिक काळ तो तिच्यासह नांदला; त्यांना दोन मुली झाल्या, त्यांपैकी एक जगली. मग त्याने पिएरकडे मालमत्तेचा हिशेब मागितला आणि येथून घर फुटले. पिएरने बेर्त्राँदच्या नावाने रियच्या न्यायालयात फिर्याद गुदरली. तेथे सुमारे दीडशे साक्षी झाल्या. काहींनी तो मार्तँच असल्याचे सांगितले, काहींनी तो साजास गावचा आर्नो द्यु तिल असल्याचे सांगितले, आणि उरलेल्या पुष्कळांना काहीच निश्चित सांगता येईना. मार्तँच्या पायाचे माप याहून मोठे होते, अशी साक्ष गावच्या चांभाराने दिली. रियला तो दोषी ठरला. अपील तुलूझच्या वरिष्ठ न्यायालयात गेले. तेथील न्यायाधीशांचा कल आरोपीच्या बाजूने झुकत असतानाच, १५६० च्या जुलैअखेरीस, लाकडी पाय लावलेला एक मनुष्य न्यायालयात हजर झाला. तोच खरा मार्तँ होता. स्पेनच्या चाकरीत असताना १५५७ च्या सँ-काँतँच्या लढाईत त्याचा पाय गेला होता. १६ सप्टेंबर १५६० रोजी आर्नोला मार्तँच्या घरासमोरच फाशी देण्यात आले.

ही सर्व माहिती ज्यातून मिळते ते साधन कोणते, हे लक्षात घेतल्यावाचून पुढील वादाचे मर्म कळणार नाही. साक्षीपुराव्याचे मूळ कागद उपलब्ध नाहीत. मुख्य आधार आहे तो या खटल्यात अहवाल-न्यायाधीशाचे काम केलेल्या झाँ द कोरास याच्या १५६१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा. त्यात खटल्याची हकीकत देऊन तिच्यावर शंभरेक टीपा लिहिल्या आहेत. विवाह, साक्ष, स्मृती, फसवणूक अशा नाना विषयांचे विवेचन त्यांत आहे. हा ग्रंथ कायदेपंडिताचा आहे, पण त्यात कथाकाराची हौसही लपत नाही.

डेव्हिस यांची मुख्य प्रतिज्ञा अशी : बेर्त्राँद फसलेली नव्हती. पतीच्या स्पर्शातला फरक पत्नीला कळल्यावाचून राहत नाही; तिला सत्य लवकरच कळले, आणि दोघांनी मिळून जाणूनबुजून एक संसार उभा केला. पतीचा ठावठिकाणा नसलेल्या स्त्रीची खेड्यातील अवस्था ना सधवेची ना विधवेची. अशा स्त्रीने मान आणि सुख यांचा साधलेला हा मेळ होता, असे डेव्हिस मानतात. त्या प्रदेशात पसरू लागलेल्या प्रॉटेस्टंट विचाराने या जोडप्याला आपल्या संबंधाचे मनोमन समर्थन सापडले असावे, असाही त्यांचा तर्क आहे.

रॉबर्ट फिन्ले यांनी १९८८ साली 'अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू'मध्ये या मांडणीवर कठोर आक्षेप घेतले. कोरासच्या मते बेर्त्राँद फसविली गेली; न्यायालयाचा निष्कर्षही तोच; मग संगनमताची ही कथा आली कोठून? विसाव्या शतकातील स्वयंनिर्णयी स्त्री सोळाव्या शतकातील खेड्यात नेऊन बसविली आहे, आणि 'असावे', 'शक्य आहे' या शब्दांच्या आडोशाने कल्पितच इतिहास म्हणून पुढे केले आहे, असा त्यांच्या टीकेचा आशय. डेव्हिस यांनी त्याच अंकात सविस्तर उत्तर दिले आणि संदिग्धता हा या साधनांचाच धर्म आहे, असे प्रतिपादिले.

या वादात एकाच पक्षाला सर्वस्वी कौल देणे योग्य होणार नाही. फिन्ले यांच्या युक्तिवादातील उणीव अशी की, कोरासचा निष्कर्ष म्हणजे जणू तटस्थ निरीक्षण, असे ते गृहीत धरतात. वस्तुतः 'बेर्त्राँद फसली' या निष्कर्षाला कायद्याच्या दृष्टीने मोठे मोल होते. आईने सद्भावनेने संबंध ठेवला असेल तरच त्यातून झालेली मुलगी औरस ठरत होती. न्यायालयाने तिला तशी ठरविली आणि आर्नोची मालमत्ता तिला दिली. आई जाणती ठरती, तर ती व्यभिचाराच्या आरोपास पात्र झाली असती आणि मुलगी अनौरस. स्त्रीजात दुर्बल, धूर्त पुरुषाकडून सहज फसणारी, हे कोरासचे विधानही अशा रीतीने न्यायालयाच्या दयेला सोयीचेच होते. जो निष्कर्ष इतक्या जणांच्या सोयीचा, तो केवळ न्यायाधीशाने लिहिला म्हणून प्रमाण मानता येत नाही.

शिवाय कोरासच्याच हकीकतीत या निष्कर्षाशी न जुळणारे तपशील आहेत. दुसऱ्या एका आरोपातून सुटून आर्नो घरी आला तेव्हा बेर्त्राँदने त्याचे पाय धुतले, त्याला स्वच्छ सदरा दिला. आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या नावाने त्याला पकडण्यात आले. 'मी मार्तँ नाही अशी शपथ ती घेईल तर मी मरण पत्करीन', असे त्याने न्यायालयात म्हटले, तेव्हा तिने शपथ घेतली नाही. दोघांची वेगवेगळी तपासणी झाली असता सहजीवनाच्या खाजगी गोष्टींविषयी त्यांची उत्तरे जुळली. या तपशिलांचा अन्वय लावल्याविना भागत नाही, आणि तो लावण्याचे श्रेय डेव्हिस यांचेच आहे.

परंतु डेव्हिस यांचाही दोष झाकता येत नाही. तो तर्क करण्यात नसून तर्काचा दर्जा नकळत बदलण्यात आहे. शपथ न घेणे हे संगनमताचे लक्षण असू शकते. त्याचप्रमाणे ते भीतीचे, संशयाचे किंवा चुलत्याच्या दडपणाखाली सापडलेल्या स्त्रीच्या गोंधळाचेही असू शकते. पिएरने बेर्त्राँदच्या विधवा आईशीच लग्न केले असल्याने ते दडपण घरातलेच होते. डेव्हिस एका प्रकरणात हा पर्याय 'शक्य' म्हणून मांडतात. पुढील प्रकरणांत मात्र तोच पाया म्हणून वापरतात, आणि त्यावर प्रॉटेस्टंट विचाराचा दुसरा मजला चढवितात. या दुसऱ्या मजल्याला बेर्त्राँदपुरता तरी प्रत्यक्ष आधार नाही. पहिला तर्क साधनांतून उगवलेला आहे; दुसरा साधनांवर ठेवलेला आहे. हा भेद ग्रंथाच्या ओघवत्या शैलीत पुसट होतो.

याच कथेची ललित रूपे या संदर्भात उद्बोधक ठरतात. जॅनेट लुईस यांच्या १९४१ च्या कादंबरीत बेर्त्राँद पापभावनेने पोळते. डॅनिएल व्हीन्य दिग्दर्शित १९८२ च्या फ्रेंच चित्रपटासाठी डेव्हिस यांनी सल्लागार म्हणून काम केले; पण बास्क पार्श्वभूमी आणि बेर्त्राँदचा दुटप्पी डाव त्यात फिका पडल्याची खंत त्यांना वाटली आणि त्यांनी ग्रंथ लिहावयास घेतला. प्रत्येक निवेदकाने बेर्त्राँदच्या मौनात आपल्याला हवी ती वाणी घातली आहे. कादंबरीकाराला ते स्वातंत्र्य आहेच. इतिहासकाराला ते सशर्त आहे, आणि ती शर्त म्हणजे अनुमानाची खूण अखेरपर्यंत कायम ठेवणे.

म्हणून डेव्हिस यांच्या ग्रंथाचे टिकाऊ मोल बेर्त्राँदच्या चित्रणापेक्षा कोरासच्या चित्रणात शोधावे लागते. आर्नोला दोषी ठरवूनही त्याच्या बुद्धीचे आणि स्मरणशक्तीचे कौतुक न आवरणारा, प्रकरणाला कधी चमत्कार तर कधी शोकांतिका म्हणणारा हा न्यायाधीश पुढे स्वतःच प्रॉटेस्टंट म्हणून १५७२ साली तुलूझमध्ये मारला गेला. त्याच्या ग्रंथातील द्विधा वृत्ती डेव्हिस यांनी ज्या सूक्ष्मतेने उलगडली आहे, तिला शब्दाशब्दाचा आधार आहे. विलक्षण सत्यकथा आपल्याकडे कच्च्या स्वरूपात कधीच येत नाही, ती कोणाच्या तरी हातून रचली जाऊन येते, आणि त्या रचनेची चिकित्सा हेच इतिहासकाराचे पहिले काम असते, हे या प्रकरणांतून उत्तम सिद्ध होते.

माँतेन या फ्रेंच निबंधकाराने १५८८ साली या खटल्याचा उल्लेख करून, इतक्या अंधुक प्रकरणात मनुष्याला फाशी देणे हे फार धाडसाचे झाले, असे मत दिले होते. न्यायाधीशाला कोणत्या तरी बाजूने निकाल देणे भाग असते. इतिहासकारावर तशी सक्ती नसते. निकाल राखून ठेवण्याची ही मोकळीक डेव्हिस यांनी सर्वत्र घेतली असती, तर त्यांचा ग्रंथ कदाचित कमी रंजक झाला असता. बेर्त्राँदवर मात्र त्याने अधिक न्याय केला असता.