भोकरदनचें लेणें व काळनिर्णयाचा प्रश्न

जालना जिल्ह्यांतील केळणा नदीकांठचें भोकरदन हेंच प्राचीन भोगवर्धन होय, हें मत आतां सामान्यतः मान्य झालें आहे. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख येतो. १९७३ सालच्या उत्खननानें येथील सातवाहनकालीन वसतीहि उजेडांत आणिली. त्याच नदीकांठीं खडकांत कोरलेलें एक हिंदु लेणें आहे. हीं तिन्ही साधनें एका सूत्रांत ओंवून लेण्यासहि सातवाहनांचें प्राचीनत्व देण्याचा मोह होतो. तो आम्हांस सर्वथा त्याज्य वाटतो.

दानलेख दात्याच्या गांवाची साक्ष देतो, तेथील कोरीव कामाची नव्हे. शिवाय सांचीचें दान बौद्ध स्तूपास झालें आहे. दक्षिणेंत हिंदु लेण्यांचा बहर सातवाहनांनंतर कित्येक शतकांनीं आला. वेरूळचीं हिंदु लेणीं (क्रमांक १३ ते २९) सहाव्या शतकापासून पुढचीं मानितात. भोकरदनच्या लेण्याची तुलना या समूहाशींच करणें युक्त होय.

परंतु तेथेंहि सावधगिरी हवी. दशावतार लेण्याच्या आवारांतील मंडपावर दंतिदुर्गाचा लेख आहे. तेवढ्यानें सबंध लेणें त्याचें ठरत नाहीं. कैलासाचें श्रेय पहिल्या कृष्णास दिलें जातें, तें बडोद्याच्या इ. स. ८१२ च्या ताम्रपटाच्या आधारें. वेरूळपासून दूर पडलेला एक पत्राच तेथील शिल्पाचा कर्ता सांगतो, हें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें.

केवळ साम्यावरून केलेला निर्णय किती डळमळीत असतो, याचें उदाहरण भोकरदनच्याच हस्तिदंती स्त्रीमूर्तींत आहे. १९३८ सालीं पाँपेई येथें तशीच मूर्ति मिळाली. तें नगर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालें, म्हणून मूर्ति त्यापूर्वींची, हें निश्चित. परंतु ती भोकरदनलाच घडली असें ठामपणें म्हणतांना तिजवरील खरोष्ठी अक्षराची वाट लाविली पाहिजे. ती लिपि वायव्येकडची.

पाँपेईच्या मूर्तीचा काळ सांगतां येतो, कारण ती कोठें व कशाखालीं मिळाली हें नोंदलेलें आहे. उलट, स्थळाची टिपण न ठेवतां उचललेला सुटा शिल्पखंड संग्रहाची शोभा वाढवितो, पण इतिहासाचा एक साक्षीदार मुका करितो. भोकरदनास जाणाऱ्या जिज्ञासूंनीं तेथून वस्तु नव्हे, तर मोजमापें, नकाशे व छायाचित्रें आणावीं, एवढीच आमची विनंति आहे.