तीन कोपेक आणि चढता दशमांश : ख्रिस्ती दानविचारातील हिशेब

श्रीमंताने गरिबाला किती द्यावे, या प्रश्नाला लूककृत शुभवर्तमानात एकच उत्तर मिळत नाही. बाप्तिस्मा करणारा योहान दोन अंगरखे असलेल्याला एक देऊन टाकण्यास सांगतो. जकातदारांचा प्रमुख जक्कय अर्धी मालमत्ता देऊ करतो आणि तेवढ्यावर त्याच्या घराला तारण लाभते. श्रीमंत अधिकाऱ्याला मात्र सर्वस्व विकण्याची आज्ञा होते. आणि मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणारी विधवा तर आपली उपजीविकाच देऊन मोकळी होते. ही भिन्न प्रमाणे एकाच संहितेत शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांचा मेळ घालण्याचा खटाटोप लूक करीत नाही. पुढील लेखकांनी या आकड्यांचे काय केले, यावरून ख्रिस्ती दानविचाराची बदलती वाङ्मयीन रूपे बरीचशी उलगडतात.

इ. स. २००च्या सुमारास आलेक्झांड्रियाच्या क्लेमंटने श्रीमंताच्या तारणावर एक स्वतंत्र प्रबंध रचला. 'सर्व विकून टाक' या आज्ञेचा त्याने लावलेला अन्वयार्थ रूपकात्मक आहे : टाकायची ती संपत्ती नव्हे, तर संपत्तीविषयीची आसक्ती. कोणापाशीच काही उरले नाही, तर भुकेल्याला अन्न कोण देणार, हा त्याचा युक्तिवाद बिनतोड वाटतो. क्लेमंट दानाचा आग्रह सोडत नाही, हेही मान्य केले पाहिजे. तथापि रूपकाची वाट धरताच आकडा विरघळतो आणि 'किती' हा प्रश्न अंतःकरणाच्या स्थितीत लुप्त होतो. व्यापारी महानगरातील श्रोत्यांना हे वाचन सोयीचे वाटले असल्यास नवल नाही.

टॉलस्टॉयच्या 'मग आम्ही काय करावे?' (१८८६) या ग्रंथात आकडा पुन्हा अवतरतो. ग्रंथाचे शीर्षक म्हणजे लूकच्या तिसऱ्या अध्यायात जमावाने योहानाला विचारलेला प्रश्न. १८८१ मध्ये टॉलस्टॉय कुटुंबासह मॉस्कोत राहावयास गेला. जानेवारी १८८२ मधील शहराच्या जनगणनेत त्याने स्वेच्छेने काम पत्करले, अत्यंत दरिद्री वस्तीचा भाग मागून घेतला आणि या निमित्ताने धनिकांनी गरिबांची तड लावावी, असे आवाहन प्रसिद्ध केले. योजना फसली. आश्वासने देणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीच पैसे दिले नाहीत. हाती उरले ते सदतीस रूबल, तेही जनगणनेच्या कामाचे मानधन आणि विद्यार्थ्यांनी दिलेली रक्कम मिळून. आणि ते नेमके कोणाला द्यावेत हेही त्याला उमगेना. र्‍झानोव्ह गृहातील बहुतेक माणसे त्याला आपल्यासारखीच दिसली, आणि जी खरोखर दुःखी होती त्यांचे दुःख पैशाने फिटण्यासारखे नव्हते. उपकारकर्त्याच्या फजितीची इतकी निर्दय नोंद एकोणिसाव्या शतकातील दानविषयक लेखनात विरळाच.

ग्रंथाचे मर्म मात्र जनगणनेत नाही. ते लाकूड कापणाऱ्या सेम्योनच्या प्रसंगात आहे. वाटेत एक म्हातारा भिकारी भेटतो. टॉलस्टॉय त्याला वीस कोपेक देतो. सेम्योन तीन कोपेकचे नाणे देऊन दोन परत मागतो. म्हातारा तळहात उघडून दाखवतो : तीन-तीन कोपेकची दोन नाणी आणि एक सुटा कोपेक. सेम्योन तो कोपेक घेण्यासाठी हात पुढे करतो, मग विचार बदलतो, टोपी काढून क्रूसाची खूण करतो आणि तीनही कोपेक तिथेच सोडून निघून जातो. यानंतर निवेदक हिशेबाला बसतो. सेम्योनची शिल्लक सहा रूबल पन्नास कोपेक, निवेदकाची मालमत्ता सहा लाख रूबल. सेम्योनच्या बरोबरीने द्यायचे, तर त्याने तीन हजार रूबल देऊन दोन हजार परत मागायला हवे होते, आणि सुटे नसते तर तीनही हजार तिथेच ठेवायला हवे होते. विधवेच्या दोन टोल्यांचा दृष्टान्त येथे जणू त्रैराशिकात मांडला जातो. हे त्रैराशिक कोणताही दर ठरवीत नाही, हे विशेष. ते दात्याचे 'दातेपण'च रद्द करते. वीस कोपेक हे दान नव्हतेच, असा निष्कर्ष त्यातून निघतो.

ही भूमिका लेखकालाही झेपली नाही. १८९१च्या दुष्काळात तो रियाझान प्रांतात गेला, त्याने मोफत अन्नछत्रे उघडली आणि त्यांसाठी देशविदेशांतून देणग्या घेतल्या. ज्या मार्गाचा त्याने ग्रंथभर धिक्कार केला होता, तोच मार्ग भुकेच्या तोंडावर त्याला पत्करावा लागला. १८९२ मध्ये त्याची मालमत्ता वाटली गेली, पण ती पत्नी आणि मुलांमध्ये. समीक्षकांनी याला विसंगती म्हटले तर ते चूक नाही. मात्र अन्नछत्रे उघडणारा टॉलस्टॉय ग्रंथकर्त्या टॉलस्टॉयपेक्षा उणा ठरतो, असे म्हणणे कठीण आहे.

दूरच्या गरिबांचा प्रश्न ख्रिस्ती लेखनात नवा नाही. येरुशलेममधील दरिद्री बांधवांसाठी पौलाने परप्रांतीच्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली होती आणि करिंथकरांना लिहिताना समानतेचे तत्त्व सांगितले होते. रोनाल्ड सायडरच्या 'भुकेच्या युगातील श्रीमंत ख्रिस्ती' (१९७७) या ग्रंथाला त्या पत्राचा आणि लेवीय ग्रंथातील योबेल वर्षाचा आधार आहे. त्याची वाचकाला दिलेली सूचना ठोस आहे : ठरावीक उत्पन्नापर्यंत दहा टक्के आणि त्यापुढील प्रत्येक हजार डॉलरवर दर पाच टक्क्यांनी चढता. येथे आकडा सामान्य कुटुंबाला पाळता येण्याजोगा नियम होतो. डेव्हिड चिल्टनने १९८१ मध्ये पुस्तकभर प्रतिवाद केला. सायडर अपराधभावनेचा वापर करतो, हा त्याचा आक्षेप ग्रंथाच्या शीर्षकातच आहे. तो सायडरपेक्षा टॉलस्टॉयला अधिक लागू पडावा. सायडरच्या वाचकाची अपराधभावना दर पाळल्यावर शमू शकते. टॉलस्टॉयच्या वाचकाला तशी सवलत नाही. अन्याय्य रचनांचे पाप सायडर जाणतो, त्यावर स्वतंत्र विवेचनही करतो. पण कौटुंबिक अंदाजपत्रकाच्या स्तंभांत ते पाप बसत नाही.

भारतीय वाचकाला या संदर्भात विनोबांचा सहावा हिस्सा आठवणे स्वाभाविक आहे. टॉलस्टॉयच्या याच ग्रंथाचा खोल ठसा उमटल्याचे गांधींनी आत्मकथेत नमूद केले आहे. १९५१ मध्ये पोचमपल्लीत सुरू झालेल्या भूदानात विनोबांनी, पाच मुलांच्या घरात आपल्याला सहावा मुलगा मानावे, अशा भाषेत जमीन मागितली. त्यांच्या लेखी दान म्हणजे संविभाग. या आकड्याचे उगमस्थान धर्मशास्त्रीय दशमांशात नाही, तर वारसाहक्कात आहे. त्यामुळे घेणाराही नात्याने घरचाच ठरतो.

घेणाऱ्याचे हे स्थान पाश्चात्त्य संहितांत डळमळीत राहिले आहे. येशूच्या दृष्टान्तांत नाव लाभलेले पात्र एकच, दारात पडलेला लाजार. तेथे श्रीमंत मात्र अनाम आहे. सायडरच्या ग्रंथात गरिबांची उदाहरणे असली, तरी ठसा उमटतो तो कोटींच्या संख्येचा, आणि ज्याला संबोधले जाते तो सुस्थित वाचकच राहतो. टॉलस्टॉय सेम्योनला नाव देतो. म्हाताऱ्याला देत नाही. म्हाताऱ्याचा फक्त तळहात दिसतो, आणि त्यातली नाणी सेम्योनच्या आधी वाचक मोजतो.