डेव्हिडची खुर्ची

'इंग्लिश विंग्लिश' पुन्हा बघायला बसलात, तर या वेळी शशीकडे बघू नका. श्रीदेवी समोर असताना हे अवघड आहे, मान्य. पण वर्ग सुरू झाला की फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे बघा. डेव्हिड फिशर. गोरा, अमेरिकन, प्रेमळ, थोडा नाटकी. बसवरची 'चार आठवड्यांत इंग्रजी' ही जाहिरात वाचून शशी त्याच्या वर्गात येते. हा बरा शिक्षक आहे का, शिकवायला कुठे शिकला, असं सिनेमात कुणालाच विचारावंसं वाटत नाही. प्रेक्षकालाही नाही. चेहरा दिसला, उच्चार ऐकला, विषय संपला.

गौरी शिंदेचा हा सिनेमा २०१२ साली आला, तेव्हा मी परळच्या मराठी शाळेत होतो. आई आणि मावशी बघून आल्या आणि पुढचा आठवडाभर दुसरं काही बोलल्या नाहीत. मॅनहॅटनच्या कॉफीशॉपमधला प्रसंग आजही अंगावर येतो. रांग मागे वाढत चाललीये, काउंटरवरची मुलगी वैतागलीये आणि शशीला साधी कॉफी मागता येत नाहीये. इंग्रजी न येण्याची शरम इतकी नेमकी दुसऱ्या कुठल्या हिंदी सिनेमात पकडलेली मला आठवत नाही. त्यामुळे पुढची तक्रार सिनेमा आवडतो म्हणूनच आहे.

त्या वर्गातले उच्चार ऐका. लॉरां हा फ्रेंच स्वयंपाकी अडखळत इंग्रजी बोलतो, तेव्हा पार्श्वसंगीत हळुवार होतं. राममूर्ती अडखळतो, तेव्हा थिएटर हसतं. (राममूर्ती तमिळ आहे, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि त्याला इडलीची आठवण येते. माझ्या जमातीचं पडद्यावरचं प्रतिनिधित्व हे एवढंच.) दोघांचंही इंग्रजी कच्चंच आहे. पण एकाचा कच्चेपणा रोमँटिक ठरतो आणि दुसऱ्याचा विनोदी, आणि हा भेद व्याकरणाच्या पुस्तकातून आलेला नाही. डेव्हिड समलिंगी आहे म्हणून वर्गात थट्टा होते तेव्हा शशी सगळ्यांना सुनावते. राममूर्तीच्या उच्चारावर हसणाऱ्या आपल्याला मात्र कुणी सुनावत नाही.

गंमत म्हणजे दुसरा एक शिक्षक सिनेमात आधीच येऊन गेलेला असतो. मुलीच्या इंग्रजी शाळेत पालकसभेला शशी जाते, तेव्हा भेटणारे केरळचे फादर. त्यांचं हिंदी मोडकं, तिचं इंग्रजी मोडकं, आणि तरी ते तिच्याशी समजुतीनं बोलतात. मुलगी मागे उभी राहून लाजते. इंग्रजीतूनच शिकवत आलेला हा माणूस न्यूयॉर्कच्या त्या वर्गात डेव्हिडच्या जागी उभा आहे, अशी कल्पना करून बघा. मला जमत नाही, आणि मला वाटतं पटकथेलाही जमली नसती. शशी बाकावरून उठून लग्नात भाषण करते, टाळ्या घेते. फळ्यापाशी कुणी उभं राहायचं, ते आधीच ठरलेलं आहे.

हे मला दिसायला लागलं ते माझ्या मावसबहिणीमुळे. ती लालबागची, मुंबई विद्यापीठाची इंग्रजीतली एमए, सात वर्षं दादरला शिकवतेय. दोन वर्षांपूर्वी तिनं परदेशात इंग्रजी शिकवायच्या नोकऱ्यांसाठी अर्ज करायला सुरुवात केली. अर्जात फोटो सक्तीचा. एका संस्थेनं लेखी चाचणी घेतली, ती उत्तम झाली. फोनवर मुलाखत झाली, तीही छान. मग व्हिडिओ कॉल झाला, आणि दुसऱ्या दिवशी मेल आली की पालकांची अपेक्षा 'नेटिव्ह' शिक्षकाची असते, पण घरबसल्या मुलांचे निबंध तपासायचं काम देऊ शकू. म्हणजे इंग्रजी चालणार होतं, फक्त ते कुणाच्या तोंडून येतं हे मुलांना दिसायला नको होतं.

'नेटिव्ह' या शब्दाचा प्रवासही बघण्यासारखा आहे. इंग्रज इथे असताना नेटिव्ह म्हणजे आपण. 'नेटिव्ह टाऊन' म्हणजे कोटाबाहेरची काळ्या लोकांची वस्ती, ज्यात आमचं गिरगावही आलं. आता नोकरीच्या जाहिरातीत नेटिव्ह म्हणजे ते. शब्द तोच राहिला, दाराच्या बाहेर मात्र दोन्ही वेळा आपणच.

काही देशांत तर हे संस्थेच्या मर्जीवरही सोडलेलं नाही. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा नेहमीचा व्हिसा सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. पदवी कुठल्याही विषयातली चालते. भारताशी झालेला आर्थिक करार २०१० मध्ये लागू झाला, तेव्हा भारतीयांनाही थोडी वाट मिळाली, पण शाळेतले सहायक शिक्षक म्हणून, आणि इंग्रजी शिकवण्याची पात्रता कागदावर दाखवली तर. ओहायोच्या भूगोलाच्या पदवीधराला ती अट नाही.

ही यादी मातृभाषेवरून केलीये म्हणावं, तर दक्षिण आफ्रिकेत घरी इंग्रजी बोलणारे दहा टक्क्यांहून कमी आहेत. आणि आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत सुमारे दोन लाख साठ हजार लोकांनी मातृभाषा इंग्रजी सांगितली, त्यातले सगळ्यात जास्त, एक लाखाहून अधिक, महाराष्ट्रात. गिरगावात खोताच्या वाडीत चक्कर मारा, तिथल्या जुन्या घरांतून इंग्रजी ऐकू येतं. ते बोलणारे लोक शब्दशः नेटिव्ह स्पीकर आहेत. पासपोर्ट तेवढा चुकीचा.

हे बरं नाही, पण निदान पोरांना नीट उच्चार तरी ऐकायला मिळतात, असं कुणी म्हणेल. त्याला उत्तर जुनं आहे. १९९२ साली डॉनल्ड रूबिन या संशोधकानं अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना एक ध्वनिमुद्रित लेक्चर ऐकवलं. आवाज एकाच अमेरिकन बाईचा. काहींना सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई. आशियाई फोटो बघणाऱ्यांना परका उच्चार 'ऐकू' आला, आणि लेक्चर समजलंही कमी. माझ्या धंद्यात सारख्या इनपुटला वेगळं आउटपुट आलं तर आम्ही बग शोधतो. इथे बग कानात नव्हता, डोळ्यात होता. आता कॉल सेंटरमध्ये बोलता बोलता उच्चार बदलणारी सॉफ्टवेअर वापरात आली आहेत. माझ्यासारख्याच कुणीतरी ती लिहिलीत. रूबिनच्या विद्यार्थ्यांना त्याचा काही उपयोग झाला नसता.

आदर्श शिक्षक म्हणजे नेटिव्ह स्पीकर, ही समजूत उगवली कुठून? रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ च्याच 'लिंग्विस्टिक इम्पीरियलिझम'मध्ये तिचा माग १९६१ सालच्या युगांडातल्या मकेरेरे इथल्या परिषदेपर्यंत नेला आहे. राष्ट्रकुलातले इंग्रजी शिकवण्याचे जाणकार तिथे जमले होते, आणि तिथून ही समजूत व्यवसायाचं सूत्र बनली.

नेमका त्याच वर्षी, त्याच पूर्व आफ्रिकेत, मुंबईचा एक तेवीस वर्षांचा मराठी कवी शाळकरी मुलांना इंग्रजी शिकवत होता. दिलीप चित्रे. १९६० मध्ये ते इथिओपियाला गेले आणि तीन वर्षं तिथल्या शाळांत शिकवलं. त्या काळात इथिओपियातल्या शाळांमध्ये भारतीय शिक्षक मोठ्या संख्येनं होते, चित्रे त्यांतले एक. पुढे 'शिबा राणीच्या शोधात' हे पुस्तक त्यातून आलं. चित्र्यांबद्दल आपण तुकारामाच्या अंगानं बोलतो, लघुअनियतकालिकांच्या अंगानं बोलतो. इथिओपिया त्यांच्या चरित्रात एका ओळीत उरकतो. मला ती ओळ मोठी वाटते. तिथं मराठी माणसाला इंग्रजीचा मास्तर म्हणून बोलावलं होतं आणि कुणाला त्यात विचित्र वाटत नव्हतं. आमच्या समीक्षेनं ही तीन वर्षं परदेशवारीच्या खात्यात टाकली. इंग्रजीवर आपला हक्क किती, या वादात ती पुरावा म्हणून कधी आली नाहीत.

हक्काचा हा वाद इथलाही आहेच. न्यायमूर्ती रानडे १८६८ नंतर काही वर्षं एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, म्हणजे मुळात अशक्य काही नव्हतं. पण १८९६ नंतर सरकारी शिक्षणखात्याचे वर्गच पाडले गेले: विलायतेत भरती झालेल्यांची वरची श्रेणी, इथे भरती झालेल्यांची खालची, पगारही त्याच हिशेबानं. उलट लंडनला दादाभाई नौरोजी १८५६ पासून युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक होते, ते गुजरातीचे. तुमची भाषा तुम्ही शिकवा, आमची आम्ही शिकवू. आणि आपणही हे मुकाट मान्य केलंय. दादर स्टेशनबाहेर इंग्लिश स्पीकिंग क्लासचे बोर्ड बघा, त्यावर टाय लावून हसणारा गोरा माणूस असतो. आत शिकवायला असते माझ्या मावसबहिणीसारखी कुणीतरी.

तिनं निबंध तपासायचं काम नाकारलं. आता ती संध्याकाळी परळच्या हॉस्पिटलांतल्या नर्सेसची बॅच घेते, परदेशी नोकरीसाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची. गेल्या बॅचमधल्या दोघी आयर्लंडला पोचल्या. त्यांच्या व्हॉइस नोट येतात, ती ऐकते आणि काळ चुकला असेल तर अजूनही दुरुस्त करून पाठवते.